वाक मिस्नान यांची आंघोळ

"ही मिरची बघ, काली. अर्धी हिरवीच आहे. अशा मिरचीला ढग भीक घालील का?"

वाक मिस्नान सीमारेषेच्या दोरीपाशी गुडघे टेकून बसले होते. एका हातात नारळाच्या झावळीचा हीर, दुसऱ्या हातात ती मिरची. मी रोलर थांबवून खाली उतरलो.

"बाजारात लाल नव्हत्या?"

"होत्या. सुकून काटकी झालेल्या. म्हटलं, त्यापेक्षा ताजी हिरवी बरी." त्यांनी मिरची हिरात टोचली, तिच्याखाली एक लहानसा कांदा आणि लसणीची पाकळी ओवली, आणि तो हीर मातीत उभा रोवला. "ही पूर्वेची. तो इकडूनच येतो."

"उरलेल्या मला द्या. दुपारी सांबारात टाकतो."

"टाक की. आणि संध्याकाळी पोट बिघडलं तर माझ्याकडे येऊ नकोस. मी फक्त पाऊस थांबवतो."

हा विनोद जुना होता. आम्हा दोघांचे सगळेच विनोद एव्हाना जुने झाले होते. तरीसुद्धा त्या सकाळी मी मोठ्याने हसलो, कारण मेरांती मैदानावर तो पुन्हा होणार नव्हता. त्या दिवशी मैदानाचा शेवटचा सामना होता. सिंगापूरचा संघ आला होता, आणि सामना उरकला की सोमवारी पाडकामाची यंत्रे येणार होती. जमिनीची मुदत संपली होती. तेथे आता उंच इमारती व्हायच्या होत्या, आणि त्यांचे रंगीत चित्र फाटकाबाहेर कधीच लागले होते. चित्रातही हिरवळ होती, परंतु ती छतावर होती.

मेरांतीचा इतिहास कोणी लिहिला असल्यास माझ्या वाचनात तो आलेला नाही. म्हणून जेवढा मी डोळ्यांनी पाहिला तेवढाच सांगतो. प्रारंभी येथे रबराचा मळा होता. पुढे जेथे पॅव्हिलियन उभे राहिले तेथे मजुरांच्या चाळी होत्या, आणि त्यांतल्या एका खोलीत माझा जन्म झाला. माझे वडील पहाटे उठून झाडांना चरे पाडीत व चीक गोळा करीत. मळ्याच्या साहेबांनी चाळींसमोरचा एक तुकडा मोकळा ठेवून त्यावर काथ्याची चटई अंथरली होती. रविवारी ते तेथे क्रिकेट खेळत आणि आम्ही पोरे झुडपांत शिरून चेंडू शोधून देत असू. कालांतराने साहेब गेले, रबराचा भाव गेला, झाडेही गेली. मग देशात मोठे खेळ भरवायचे ठरले तेव्हा त्या तुकड्याचे भाग्य उजळले. चटई जाऊन चिकणमातीची खेळपट्टी आली, गवत लांबून ट्रकांनी आणले गेले, आणि मेरांती हे नाव परदेशांतल्या वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले. मला रोलर मिळाला. वाक मिस्नान यांना कव्हरे मिळाली.

पाऊस आला की खेळपट्टीवर ओढायच्या त्या मोठ्या ताडपत्र्यांना आम्ही कव्हरे म्हणतो. कागदोपत्री वाक हे मैदान-मजूर होते आणि कव्हरे ओढणे एवढेच त्यांचे काम होते. वास्तविक त्यांना नेमले होते ते वेगळ्याच कारणासाठी. ते पावांग होते, म्हणजे पाऊस अडवणारे. आमच्याकडे लग्न असो की मंत्र्यांची सभा, मांडव उभारण्यापूर्वी पावांगाकडे निरोप जातो आणि त्यात कोणाला नवल वाटत नाही. येथे तर वर्षातल्या बहुतेक दुपारी डोंगराच्या बाजूने ढग चालून येतो. अशा ठिकाणी क्रिकेटचे मैदान बांधणाऱ्यांनी पावांग नेमला नसता तर उलट लोक हसले असते.

वाक यांचे वडील जावा बेटावरून आलेले; 'वाक' हे तिकडचे वडीलधाऱ्यांसाठीचे संबोधन. ही विद्या वाक यांना चुलत्यांकडून मिळाली होती आणि विद्येबरोबर तिचा नियमही मिळाला होता. सामन्याच्या आदल्या संध्याकाळपासून सामना संपेपर्यंत अंगावर पाणी घ्यायचे नाही. नमाजापूर्वी हातपाय-तोंड धुण्यास मोकळीक होती, परंतु डोक्यावरून एक थेंबही नाही. आणि दुसऱ्या कोणाच्या अंगावर पाणी घालणे तर मुळीच नाही. "जो पाणी सोडतो त्याचं पाणी वरून सुटतं," असे ते म्हणत. त्या दिवसांत त्यांच्या शेजारी बसून जेवणे अवघड होई. मी वाऱ्याची दिशा पाहून बसत असे, आणि त्यांना ते ठाऊक होते.

पाऊस कधी पडलाच नाही असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा पडला. परंतु दर वेळी वाक यांना त्याचे कारण सापडे. कोणीतरी चहाच्या टपरीमागे पाल मारलेली असे, कोणाचा तरी पाय मिरचीच्या काडीवर पडलेला असे. एकदा पाहुण्या पंचाने मिरच्या कचरा समजून उपटून टाकल्या होत्या, त्या दिवशी तर मैदानाचे तळे झाले. कारण सापडले की वाक यांच्या चेहऱ्यावर समाधान येई आणि ते धावत कव्हरे ओढायला येत.

आदल्या दिवशी दुपारी त्यांची मुलगी रोहानी आली होती. मैदानामागच्या क्वार्टरमधले सामान बांधायला मी मदत करीत होतो, म्हणून जे झाले ते माझ्यासमोर झाले. रोहानी बांतिंगला राहते. तिचे यजमान तेथल्या मशिदीत मुलांना शिकवतात. क्वार्टर पाडले की वाक तिच्याकडे जाणार असे ठरले होते. ते नाही जमले तर सरकारचा वृद्धाश्रम होता, आणि त्याचा विषय कोणी काढत नव्हते.

भिंतीवर एक फोटो होता. त्यात वाक यांचा हात कॅरिबियन बेटांच्या एका उंच कप्तानाने हातात घेतलेला होता. रोहानीने तो उतरवला, न पाहता वर्तमानपत्रात गुंडाळला आणि खोक्यात पालथा ठेवला.

"खोली तयार आहे, अबा," ती म्हणाली. "पंखा लावलाय. भिंतींना तुमच्या जावयाने स्वतः रंग दिलाय."

"कशाला एवढं."

"एवढं काही नाही त्यात." तिने पिशवीतून एक नवा टॉवेल काढला. प्लास्टिकच्या वेष्टनातला होता, निळा. तो वडिलांच्या मांडीवर ठेवत ती म्हणाली, "उद्या सकाळी आंघोळ करा."

वाक यांनी टॉवेलवरचे वेष्टन बोटांनी सपाट केले.

"चारचौघांत तोबा करा, कबुली द्या, असलं काही मी म्हणत नाही. ते म्हणत होते, मीच नको म्हटलं. फक्त उद्या सकाळी उठून, सगळी माणसं करतात तशी आंघोळ करा. मग मी दुपारी व्हॅन घेऊन येते."

"शेवटचा सामना आहे गं."

"माहीत आहे मला. तेव्हाही मोठा सामना होता."

खोलीत मी होतो, हे तिच्या ध्यानात आले. तिने माझ्याकडे पाहिले. "अंकल, तुम्ही ऐकलंत तरी चालेल. तुम्हीही होताच की तेव्हा." आणि पुन्हा वडिलांकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली, "नाही केलीत, तर मला तुमचा हात धरून घरात नेता येणार नाही, अबा. मी मनाला खूप सांगून पाहिलं. नाही जमणार."

'तेव्हा' म्हणजे कधी, ते मला ठाऊक होते.

मेरांतीच्या भरभराटीचे ते वर्ष होते. तीन देशांची मालिका आमच्या मैदानावर भरली होती. पहिले दोन सामने पावसात वाहून गेले, आणि परदेशी अधिकारी उघडपणे म्हणू लागले की या गावात क्रिकेट खेळवणे हा वेडेपणा आहे. अंतिम सामनाही गेला तर पुन्हा येथे कोणी येणार नाही, हे आम्हा झाडूवाल्यांपासून वरपर्यंत सर्वांना कळत होते. आदल्या संध्याकाळी वाक यांनी नियम धरला. आणि सामन्याच्या दिवशी पहाटेच त्यांची पत्नी तुमिराह, जी महिनाभर आजारी होती, क्वार्टरमध्ये वारली.

मयताला घरच्यांनी न्हाऊ घालायचे असते. बहिणी आल्या, शेजारणी आल्या, आडोसा बांधला, कापूर घातलेले पाणी तयार झाले. नवऱ्याने शेवटचे पाणी घालावे म्हणून त्यांना आत बोलावले. मी बाहेर अंगणात उभा होतो. वाक उंबरठ्यापर्यंत गेले. मोठ्या मेहुणीने तांब्या पुढे केला. त्यांनी हात पाठीमागे घेतले.

"तुम्ही घाला," ते म्हणाले. "माझे हात बांधलेत."

रोहानी तेव्हा अठरा वर्षांची असेल. तांब्या तिने घेतला. आईच्या खांद्यावरून पाणी घालताना ती बापाच्या हातांकडे पाहत होती. दफनाच्या वेळीही तसेच झाले. कबरीवर पाणी शिंपडायची झारी हातोहात फिरत आली, ती वाक यांनी न वापरता पुढच्याला दिली, आणि ते तडक मैदानावर आले. मातीने माखलेले पाय घेऊन ते विलायती शिरीषाखाली बसले. तो वृक्ष साहेबांच्या काळचा. दुपारी पूर्वेला आभाळ शाईसारखे झाले आणि तसेच उभे राहिले. सायंकाळपर्यंत सीमारेषेच्या आत एक थेंब आला नाही. सामना झाला, करंडक दिला गेला, आणि त्या उंच कप्तानाने खास खाली येऊन वाक यांचा हात हातात घेतला. तोच तो फोटो.

त्यानंतर वाक यांचे नाव झाले. मैदानाचे मात्र फारसे काही झाले नाही. सामने हळूहळू दुसऱ्या देशांत गेले. आमच्याकडे शाळांचे खेळ आले, कंपन्यांचे आले, आणि वर्षातून एकदा सिंगापूर. एकदा कव्हरे घडी करताना वाक मला सहज म्हणाले होते, "त्या दिवशी ती एकटीच नव्हती रे गेली. पाऊस पडला असता तर हे सगळंही गेलं असतं. दोन्ही एका दिवशी कसं जाऊ देऊ?" मी मान हलवली होती. यापेक्षा जास्त आम्ही त्याविषयी कधी बोललो नाही.

तर असा तो शेवटचा दिवस. सकाळी त्यांनी आंघोळ केली नव्हती, हे मिरचीच्या वेळीच माझ्या नाकाला कळले. मी विषय काढला नाही. नऊ वाजता नाणेफेक झाली. सिंगापूरने प्रथम फलंदाजी केली व बऱ्यापैकी धावा केल्या. आमच्या पोरांनी दुपारी सावकाश सुरुवात केली. प्रेक्षक म्हणजे जुनी माणसे होती, कधी काळी येथे खेळलेली, आता पोटे सुटलेली. ती दोरी बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून नळीने कॉफी ओढत बसली होती आणि एकमेकांचे फोटो काढत होती. वाक शिरीषाखाली चटई टाकून बसले होते. समोर वाटीत ऊद धुमसत होता, आणि मांडीवर तो निळा टॉवेल होता, वेष्टन न फोडलेला.

तीनच्या सुमारास पूर्वेला, काजांग गावाच्या बाजूला आभाळ भरून आले.

क्रिकेट संघटनेचे सचिव दातो बहारिन पॅव्हिलियनच्या पायऱ्या उतरून लगबगीने आले. दातो हा त्यांना मिळालेला किताब. भला माणूस, परंतु घाईचा.

"वाक! बघताय ना? पोरं जिंकायच्या बेतात आहेत. मला फक्त अर्धा तास द्या."

"बघतो, दातो."

"बघतो नाही, धरा! सगळे जुने खेळाडू आलेत, चॅनलवाले आलेत. मेरांतीचा शेवट पावसात झाला तर मला तोंड दाखवायला जागा नाही. माझी अब्रू तुमच्या मिरचीवर आहे."

"मिरची हिरवी मिळाली आज," वाक म्हणाले.

दातो खळखळून हसले, वाक यांच्या खांद्यावर थाप मारली, आणि तो हात नकळत आपल्या पाटलोणीला पुसत परत गेले.

त्याच वेळी रोहानीची पांढरी व्हॅन मागच्या रस्त्याने येऊन रोलरच्या शेडपाशी थांबली. ती खाली उतरून शिरीषापर्यंत आली. तिने वडिलांच्या केसांकडे पाहिले, मग मांडीवरच्या टॉवेलकडे पाहिले. वेष्टन जसेच्या तसे होते.

"खोकी भरून घेते," एवढेच ती म्हणाली. परंतु खोकी भरायला ती गेली नाही. व्हॅनमध्ये जाऊन बसली आणि तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. इंजिन बंद होते.

वाक बराच वेळ त्या व्हॅनकडे पाहत राहिले. ढग आता अर्ध्या मैदानावर आला होता. खेळपट्टीवरचा उजेड पिवळट झाला. नंतर ते उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, थांबून थांबून उठले.

"टाकीत पाणी आहे ना रे, काली?"

"आत्ता? वाक, डोक्यावर आलाय तो. संपू द्या की सामना. मग पाहिजे तर अख्खी टाकी ओतून घ्या. रोहानी थांबलीच आहे."

"सामना संपल्यावरची आंघोळ मला नेहमीच मोकळी होती," ते म्हणाले. "रोहानी ती कशाला मोजेल?"

"आणि हे? हे सगळं?" मी मैदानाकडे हात केला.

"हे सोमवारी जाणारच आहे." ते दोन पावले गेले आणि थांबले. "ती नाही जाणार. कव्हरांपाशी जाऊन उभा राहा तू. मी आलोच."

शेडच्या मागे सिमेंटची टाकी होती. तिच्यातले पाणी आम्ही खेळपट्टीला घालत असू. मी कव्हरांकडे गेलो नाही, शेडच्या कोपऱ्यापाशी थांबलो. प्लास्टिकचा मग पाण्यात बुडाल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग पाणी एकदम सांडल्याचा आवाज, आणि वाक यांचा श्वास. थंड पाणी अंगावर पडले की कोणीही घेतो तसाच तो श्वास होता. त्यानंतर पाण्याचे मग भराभर पडू लागले, मोजता येऊ नयेत असे. कोणीतरी चौकार मारला म्हणून पॅव्हिलियनमध्ये टाळ्या वाजत होत्या.

व्हॅनचे दार उघडले. रोहानी उतरली. वाक मागून आले ते कोरडा सदरा आणि लुंगीसारखे दुसरे सारोंग घालून, एका हातात भिजलेले सारोंग पिळून घेतलेले, दुसऱ्यात तो टॉवेल. केसांतून पाणी गळत होते. रोहानीने त्यांच्या हातातून टॉवेल घेतला, दातांनी वेष्टन फाडले आणि त्यांचे डोके पुसू लागली. लहान मुलाचे पुसतात तसे, कानामागून, मानेवरून. ओले सारोंग तिने शेडच्या तारेवर टाकले.

"थांब जरा," वाक तिला म्हणाले. "कव्हरं ओढावी लागतील." त्यांनी ओल्या केसांवर आपली काळी सोंगकोक टोपी घातली आणि माझ्याबरोबर निघाले.

आम्ही कव्हरांच्या दोन टोकांना उभे राहिलो. गार वारा सुटला. मिरच्यांच्या काड्या वाकल्या. डोंगरावर एकदा गडगडले. खेळाडू वर पाहत होते, पंच वर पाहत होते, दातो पायऱ्यांवर हात जोडून उभे होते. पाऊस येऊ नये असे त्या वेळी मैदानावरच्या प्रत्येक माणसाला वाटत होते. आम्हा दोघांना मात्र तो यावा असे वाटत होते. मला ते वाक यांच्या चेहऱ्यावरून कळले. त्यांचे ओठ हलत होते. आजवर मी त्यांना ढगाशी बोलताना शेकडो वेळा ऐकले होते, जा बाबा, डोंगरावर जा, तिकडे शेते आहेत. आज ते म्हणत होते, "ये. ये ना. ये."

ढग माथ्यावर थोडा वेळ राहिला. मग त्याची एक कड फाटली, आणि खालून उन्हाची एक पट्टी साइटस्क्रीनच्या पांढऱ्या पडद्यावर पडली. वारा फिरला. ढग दक्षिणेकडे, समुद्राच्या बाजूला सरकू लागला, सावकाश, जणू त्याला येथे काही काम नव्हतेच. एक थेंब पडला नाही. पूर्वेची अर्धी हिरवी मिरची पुन्हा ताठ उभी राहिली.

थोड्या वेळाने आमच्या पोरांनी विजयी धाव घेतली. जुनी माणसे आत धावली, एकमेकांच्या गळ्यात पडली, कोणी खेळपट्टीवरची माती रुमालात बांधून घेतली. आणि मग सारा घोळका आमच्या दिशेने वळला. सर्वांत पुढे दातो होते.

मला तारेवरचे सारोंग आठवले. मी धावतच शेडमध्ये गेलो, ते ओढून काढले आणि रोलरच्या बैठकीखाली कोंबले. असे का केले हे मला तेव्हाही सांगता आले नसते. परत येईपर्यंत वाक घोळक्यात सापडले होते.

"मानलं, वाक!" दातो ओरडत होते. "डोक्यावरून गेला! सगळ्यांनी पाहिला! शेवटपर्यंत शब्द पाळलात!"

आमच्या कप्तानाने एक स्टंप आणला होता. तो त्याने वाक यांना दोन्ही हातांनी दिला, आणि त्यांनीही तो दोन्ही हातांनी घेतला. मग ते म्हणाले, "दातो, मी आंघोळ केली."

मग दातो एवढे हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "करायलाच हवी! संपला सामना! आजपासून रोज करा, दोनदा करा! सगळ्या गल्लीचं भलं होईल!" घोळकाही हसला. कोणीतरी वाक यांच्या खांद्यांवर संघाचा झेंडा टाकला, फोटो काढले गेले, आणि माणसे जशी आली तशी जेवणाकडे गेली. पॅव्हिलियनमध्ये बिर्याणीची भांडी उघडल्याचा वास येत होता.

आम्ही दोघे उरलो. वाक यांनी झेंड्याची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"मिरच्या होत्या ना लावलेल्या," मी म्हणालो. "सकाळपासून ऊद होता. एवढ्या वर्षांचं काहीतरी उरलं असेल की त्यात. त्यानेच धरला असेल."

"मिरच्या धरत नाहीत, काली. धरणारा धरतो." ते सीमारेषेकडे पाहत होते. "मी सोडला होता."

"कुणीतरी दुसऱ्याने..."

"कारण शोधू नकोस. मी शोधून पाहिलं."

त्यांनी स्टंप जमिनीवर टेकवला आणि त्यावर थोडा भार दिला. दुरून पाहणाऱ्याला तो म्हाताऱ्याची काठीच वाटला असता.

"म्हणजे तेव्हाही नसता पडला," ते म्हणाले.

मी रोलरकडे गेलो आणि बैठकीखालून सारोंग काढून आणले. ते त्यांनी घेतले, पुन्हा एकदा पिळले. पाण्याची बारीक धार गवतावर पडली आणि गवताने ती लगेच शोषून घेतली. त्या गवतात नेहमी पाणी मुरत असे. मी स्वतः ती जमीन तशी केली होती.

खोकी व्हॅनमध्ये गेली. फोटोचे खोके, भांड्यांचे खोके, पंखा. रोहानी दार उघडून उभी होती.

"निघू या, अबा?"

"काली, तो छोटा कॅन दे जरा."

औषध फवारण्यासाठी आणलेला, कधीच न वापरलेला एक पांढरा कॅन शेडमध्ये होता. तो त्यांनी स्वतः धुतला आणि टाकीत बुडवून काठोकाठ भरला. टोपण सापडले नाही. ते तसेच कॅन घेऊन व्हॅनपाशी आले.

"वाटेत एके ठिकाणी थांबायचंय," ते मुलीला म्हणाले.

रोहानीने कॅनकडे पाहिले. तिला कळायला वेळ लागला नाही. "तिथे नळ आहे, अबा. कब्रस्तानात. झारीही असते."

"असू दे. हे इथलं आहे."

तिने पुढचे दार धरले आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या कोपराला आधार दिला. वाक चढून बसले. कॅन त्यांनी मांडीवर घेतला. मी स्टंप आत सरकवला, तो त्यांनी पायांशी आडवा पडू दिला. माझा निरोप त्यांनी मान हलवूनच घेतला, कारण दोन्ही हात गुंतलेले होते.

फाटकाआधी पाण्याचा एक उघडा चर होता. त्यावरून जाताना प्रत्येक गाडी उसळे. रोहानीने तेथे व्हॅन जवळजवळ थांबवली आणि एकेक चाक सावकाश पार केले. मागच्या काचेतून मला वाक यांची टोपी दिसत होती. ती खाली झुकलेली होती. ते कॅनच्या तोंडावर दोन्ही तळवे दाबून बसले होते.